आजोबांची ‘बावीस’ : एका फोटोवरून लहान बोअरच्या लिव्हर रायफलीचा शोध

दोन वर्षांपूर्वी आपल्या मंडळाच्या बैठकीत ‘घरातले जुने फोटो’ हा विषय ठेवला होता. लष्करातल्या एका जुन्या मराठी घरातल्या बाई आजोबांचा फोटो घेऊन आल्या होत्या. (बाहेरच्या वाचकांसाठी : लष्कर म्हणजे इथे फौज नव्हे. दौलतराव शिंद्यांच्या छावणीभोवती वाढलेला ग्वाल्हेर शहराचा हा भाग.) फोटोत ब्रीचेस, पट्ट्या आणि फेटा घातलेले एक सडसडीत गृहस्थ, हातात रायफल. मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेलं : ‘शिवपुरी, संवत १९७६’. म्हणजे इसवी सन १९१९-२०.

बाई म्हणाल्या, “आबांनी याच बावीसने वाघ मारला होता.”

बैठकीत हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, “वहिनी, बावीसने कबूतर मरतं, वाघ नाही.” मीही हसलो. कॉलेजात एनसीसीत .२२ रायफल चालवलेली असल्यामुळे तिची ताकद मला ठाऊक होती, किंवा ठाऊक आहे असं मला वाटत होतं. बाईंनी काही न बोलता फोटो पाकिटात घातला. चहाच्या वेळी मी तो पुन्हा मागून घेतला आणि नीट पाहिला, तेव्हा हसणाऱ्यांत मी होतो याची लाज वाटली. हा लेख म्हणजे त्या हसण्याची परतफेड समजा.

फोटोत काय दिसतं

जुन्या फोटोतली बंदूक ओळखायला नावं पाठ असण्याची गरज नसते. तीन गोष्टी पाहिल्या की पुरतं. एक, चापाभोवती दांडीसारखी लांब कडी आहे का? दोन, नळीच्या खाली तिच्याइतकीच किंवा थोडी आखूड अशी दुसरी नळी आहे का? तीन, मागच्या बाजूला उघडा घोडा दिसतो का?

चापाखाली हाताची बोटं जातील अशी कडी असेल, तर ती लिव्हर-अॅक्शन, म्हणजे तरफेची रायफल. कडी खाली ओढली की खाट्कन रिकामं काडतूस बाहेर पडतं, वर ओढली की नवं काडतूस नळीत बसतं. आपल्या घरांतून अशा प्रत्येक रायफलीला सरसकट ‘विंचेस्टर’ म्हणायची पद्धत होती, जसं कुठल्याही वनस्पती तुपाला ‘डालडा’ म्हणतात तसं. पण विंचेस्टरच्या बहुतेक तरफवाल्या रायफलींना नळीखाली काडतुसांची दुसरी नळी असते आणि मागे घोडा असतो. आबांच्या रायफलीला कडी आहे, पण खालची नळी नाही. घोडाही नाही. मागची बाजू गुळगुळीत, गोलसर उतरती.

त्या काळात सर्रास विकली जाणारी अशी तरफेची रायफल एकच : अमेरिकेतल्या यूटिका गावची सॅव्हेज, मॉडेल १८९९.

शर्टांच्या कारखानदारापासून

तरफेच्या रायफलीची गोष्ट आपल्याकडे सिनेमांमुळे माहीत आहे, पण तिच्यातलं यंत्र समजून घेण्यासारखं आहे. १८४० च्या दशकाअखेर वॉल्टर हंट या अमेरिकन संशोधकाने एका नळीत अनेक गोळ्या ठेवून एकेक पुढे सरकवणारी रायफल बांधली. ती नीट चालली नाही. पुढे होरेस स्मिथ आणि डॅनिअल वेसन यांनी तिच्यावर काम केलं, आणि त्यातून उभा राहिलेला कारखाना शेवटी ऑलिव्हर विंचेस्टर यांच्या हातात आला. हे गृहस्थ मुळात शर्ट बनवणारे. त्यांच्या कारखान्यातल्या बेंजामिन टायलर हेन्रीने १८६० मध्ये जी रायफल पेटंट केली, तिच्यात धातूची काडतुसं होती आणि खालच्या नळीत ती ओळीने मावत.

हिच्या पोटात जो सांधा आहे, तो आपल्या कोपरासारखा आहे. हात सरळ ताणला की कोपर कुलूप लागल्यासारखं घट्ट, थोडं वाकवलं की सुटं. काडतूस फुटतं तेव्हा हा सांधा सरळ रेषेत असतो आणि धक्का पेलतो. पण किती पेलणार? त्याला मर्यादा आहे. म्हणून हेन्रीची, नंतरची १८६६ ची आणि प्रसिद्ध १८७३ ची विंचेस्टर, या सगळ्या मध्यम ताकदीची, जवळजवळ पिस्तुलाच्या जातीची काडतुसं वापरत. १८८६ मध्ये जॉन ब्राउनिंगच्या रचनेची विंचेस्टर आली. तिच्यात उभ्या पोलादी खिट्ट्या बोल्टला मागून अडवतात. त्यामुळे तरफेच्या रायफलीला मोठी काडतुसं पेलता येऊ लागली. त्याच ब्राउनिंगने पुढे १८९२ आणि १८९४ ची मॉडेलं दिली. १८९४ ची तर सत्तर लाखांवर बनली.

लहान बोअर : चार वाटा

१९१२ च्या सुमारास एखाद्याने ठरवलं असतं की ‘मला लहान बोअरची तरफेची रायफल घ्यायची आहे’, तर त्याच्यापुढे चार वाटा होत्या. त्या एकमेकींपासून फार वेगळ्या होत्या, आणि आमच्या बैठकीतला सगळा घोळ इथेच झाला होता.

पहिली वाट म्हणजे आपल्या ओळखीची .२२, रिमफायर. हिच्या काडतुसात स्फोटक टोपी वेगळी नसते, बुडाच्या कडेतच दारू पेटवणारं मिश्रण भरलेलं असतं. या घराण्यातलं पहिलं काडतूस, .२२ शॉर्ट, स्मिथ अँड वेसनने १८५७ मध्ये आणलं. आपण आज वापरतो ते लाँग रायफल १८८७ चं. विंचेस्टरने आपल्या १८७३ मॉडेलचीच .२२ आवृत्ती १८८४ पासून काढली, पण वीस वर्षांत ती वीस हजारही खपली नाही. एवढं जड यंत्र एवढ्या चिमुकल्या काडतुसाला कशाला, असं गिऱ्हाइकांना वाटलं असणार. शिवाय ती एकतर शॉर्ट तरी घेई, नाहीतर लाँग. मार्लिन कंपनीने १८९१ मध्ये जी .२२ काढली, तिला शॉर्ट, लाँग, लाँग रायफल तिन्ही चालत. नेमबाजीच्या खेळांत गाजलेली अॅनी ओकली ही मार्लिन वापरत असे. पुढे हीच रायफल थोड्याफार बदलांनी ‘मॉडेल ३९’ म्हणून शतकभर चालली. निशाणाचा सराव, ससे, पाखरं, एवढंच तिचं काम, आणि त्या कामात तिला तोड नव्हती.

दुसरी वाट .३२-२० आणि .२५-२० ची. विंचेस्टर १८९२ मध्ये ही काडतुसं मिळत. पहिला आकडा बोअरचा, दुसरा मुळातल्या काळ्या दारूच्या ग्रेनचा. शेतावर कोल्ह्या-लांडग्यांसाठी ठेवायची रायफल.

तिसरी .२५-३५, विंचेस्टर १८९४ मधली. ही धूररहित दारूच्या जमान्यातली, लहान हरणांपर्यंत चालणारी.

चौथी वाट सॅव्हेजची. तिच्यासाठी थोडं थांबलं पाहिजे.

टोकदार गोळीची अडचण

नळीखालच्या नळीत काडतुसं एकामागे एक ओळीने झोपलेली असतात. मागच्या काडतुसाच्या गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या टोपीला टेकतं. गोळी टोकदार असेल आणि रायफलीला धक्का बसला, तर ते टोक सुईसारखं टोपीवर आपटून काडतूस नळीतच फुटू शकतं. म्हणून अशा रायफलींसाठी गोळ्या बोथट नाकाच्याच असत. बोथट गोळीला हवेचा अडथळा जास्त, त्यामुळे लांबवर तिचा वेग लवकर पडतो. म्हणजे काडतुसं ठेवायच्या जागेमुळे गोळीचा आकार ठरला, आणि आकारामुळे पल्ला. यंत्रात हे असंच होतं, एक गोष्ट बदलली की पाच बदलतात.

आर्थर सॅव्हेज यांचा जन्म जमैकातल्या किंग्स्टनचा. त्यांनी नळी काढूनच टाकली. काडतुसं रायफलीच्या पोटात एका फिरत्या चकरीभोवती बसवली, प्रत्येकाला वेगळा खण. पाच चकरीत आणि एक नळीत. डाव्या बाजूच्या छोट्या खिडकीतून किती उरली तो आकडा दिसे. घोडा आत लपवला. बोल्ट बंद होताना त्याची मागची बाजू वर उचलली जाऊन पोलादी भिंतीला टेकते, म्हणून दाब पेलायची ताकदही चांगली. आता टोकदार गोळी वापरायला हरकत नव्हती.

या रायफलीसाठी चार्ल्स न्यूटन नावाच्या काडतूसकाराने १९१२ मध्ये एक नवं काडतूस आणलं. त्याने .२५-३५ चं काडतूस घेऊन त्याची मान आवळली आणि त्यात .२२ ची गोळी बसवली. नाव ठेवलं .२२ हाय-पॉवर. लोक त्याला ‘इम्प’, म्हणजे खोडकर पोर, असंही म्हणत. हलकी, वीस इंची नळीची आणि दोन भागांत सुटी होणारी सॅव्हेज या काडतुसासाठी मिळू लागली.

आता फोटोकडे परत या. सॅव्हेज १८९९ कधीही रिमफायर .२२ मध्ये बनली नाही. घरातले सांगतात ‘बावीस’, आणि फोटोतली रायफल सॅव्हेज. या दोन गोष्टी एकत्र धरल्या, तर १९१९-२० साली एकच उत्तर उरतं : .२२ हाय-पॉवर. बाई चुकल्या नव्हत्या. ‘बावीस’ म्हणजे एकच काडतूस, असं समजून आम्ही चुकलो होतो.

तोळ्या-माशांचा हिशेब

फरक किती होता ते आपल्या मापात सांगतो. इंग्रजी अमलातला तोळा १८० ग्रेनचा, म्हणजे मासा १५ ग्रेनचा.

साध्या .२२ लाँग रायफलची गोळी ४० ग्रेनची, पावणेतीन माशांच्या आत. वेग सेकंदाला साधारण ३५० मीटर. नळीच्या तोंडाशी तिची ऊर्जा १६० ज्यूलच्या आसपास.

.२२ हाय-पॉवरची गोळी ७० ग्रेनची, पावणेपाच माशांच्या आत. वेग सेकंदाला २८०० फूट, म्हणजे सुमारे ८५० मीटर. ऊर्जा साधारण १६५० ज्यूल. नळीचा व्यास जवळजवळ तोच, पण ताकद दहापट.

आणि वाघासाठी जी तरफेची रायफल खरोखर गाजली, ती विंचेस्टर १८९५, .४०५ बोअरची. गोळी ३०० ग्रेन, म्हणजे एक तोळा आठ मासे. वेग ६७० मीटर. ऊर्जा ४३०० ज्यूलच्या वर. अमेरिकेचे थिओडोर रूझवेल्ट १९०९ मध्ये आफ्रिकेत सिंहांसाठी हीच घेऊन गेले. आणि आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे बंगळूरचे केनेथ अँडरसन. नरभक्षकांच्या मागे जाताना त्यांच्या हातात हीच .४०५ असे.

ऊर्जेच्या आकड्यावर थांबलं तर मात्र फसगत होते. हलकी आणि अतिवेगवान गोळी अंगात शिरल्या शिरल्या फुटते. पातळ चामडीच्या, लहान हाडांच्या जनावरात ती एका क्षणात काम करते. पण वाघाच्या खांद्याचं हाड आणि त्यावरचा स्नायू आडवा आला, तर ती वरच फुटून राहू शकते. फुप्फुसापर्यंत पोचायला गोळीला वजन लागतं. योग्य कोन, योग्य जागा, शांत उभा वाघ, इतकं जुळलं तर पावणेपाच माशांचं शिसंही पुरतं. न जुळलं तर समोर जखमी वाघ.

मिशनऱ्याचे वाघ

तरी लोकांनी या काडतुसाने वाघ मारले, हेही खरं. सर्वांत प्रसिद्ध नाव हॅरी कॉल्डवेल या अमेरिकन मेथडिस्ट मिशनऱ्याचं. चीनच्या फूज्यान प्रांतात राहून त्याने .२२ हाय-पॉवर सॅव्हेजने वाघ मारले आणि १९२४ मध्ये ‘ब्लू टायगर’ या नावाने पुस्तक लिहिलं. अशा कथांमुळे काडतुसाचं नाव झालं. इंग्लंडातल्या बंदूकवाल्यांनीही त्याच्यासाठी आपल्या रायफली बांधल्या आणि ते आफ्रिकेत, हिंदुस्थानात पोचलं.

इंजिनिअर म्हणून मी तीस वर्षं यंत्रं का मोडतात याचे अहवाल लिहिले. त्यातून एक सवय लागली आहे : चालू असलेल्या यंत्रांची यादी कुणी दाखवली, की मी मोडलेल्यांची मागतो. शिकारकथांत ती यादी नसते. जो वाघ जागीच पडला त्याचा फोटो निघतो, त्याची गोष्ट छापून येते आणि रायफलीची जाहिरात होते. जो गोळी घेऊन नाल्यात उतरला, त्याचा फोटो नसतो.

त्याची नोंद वेगळ्या ठिकाणी सापडते. जिम कॉर्बेटने १९०७ मध्ये चंपावतची वाघीण मारली. तिने ४३६ माणसं मारल्याची नोंद होती. तिच्या उजव्या बाजूचे वरचा आणि खालचा सुळा मोडलेले होते, आणि कॉर्बेटच्या मते ते कुणाच्यातरी जुन्या गोळीने. नेहमीची शिकार जमेना म्हणून ती माणसांवर वळली. ती गोळी कुणी मारली, कुठल्या रायफलीने, हे कुठल्याही पुस्तकात नाही. पण रायफलीची निवड ही फक्त शिकाऱ्याची हौस नव्हती, हे त्या दोन सुळ्यांवरून कळतं. चुकलेल्या निवडीची किंमत शिकाऱ्याने नव्हे, गवत कापायला गेलेल्या बायकांनी मोजली.

मग आबांनी ही का घेतली असेल?

त्या काळच्या गिऱ्हाइकाच्या जागी उभं राहून पाहिलं, तर कारणं समजतात.

ब्रिटिश हिंदुस्थानात विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात .४५० आणि .३०३ हे बोअर खाजगी माणसांना बंद झाले. फौजी काडतुसं चोरून त्यांत वापरता येतील ही भीती. त्यातूनच इंग्रज कारखानदारांची .४७०, .४६५ सारखी नवी बोअर आली. (स्वातंत्र्यानंतरही हीच रीत राहिली. ईशापूरच्या कारखान्याची शिकारी रायफल .३१५ ची, .३०३ ची नव्हे.) संस्थानात दरबाराचे नियम निराळे असले, तरी माल मुंबई-कलकत्त्याच्या दुकानांतूनच येई, आणि दुकानदार ठेवणार ते सगळीकडे चालणारं बोअर. .२२ ला कुणाची हरकत नव्हती.

दुसरं कारण पैशाचं. वाघासाठी साहेब लोक वापरत ती इंग्लिश दुनाळी हाताने घडवलेली, राजेरजवाड्यांच्या ऐपतीची. अमेरिकन रायफल कारखान्यात यंत्रावर बनलेली, पगारदार माणसाला झेपणारी.

तिसरं, ती हलकी. धक्का जवळजवळ नाही. चितळ, चिंकारा, रानडुकराचं पिल्लू यांसाठी उत्तम. रोजच्या वापराला म्हणून पाहिलं, तर ही निवड शहाणपणाची होती. वाघ हा रोजचा विषय नव्हता.

शिवपुरीचं जंगल मात्र वाघांचं होतं. तिथल्या दरबारी शिकारी हे मोठं शास्त्र होतं. खुद्द माधवराव महाराजांनी १९२० मध्ये वाघाच्या शिकारीवर इंग्रजीत मार्गदर्शक पुस्तक काढलं. हाका कसा लावायचा, मचाण कुठे बांधायचं, याची तिथे शिस्त होती. त्या शिस्तीत प्रत्येक जखमी वाघामागे हत्ती आणि माणसं असत. एकट्या नोकरदाराच्या मागे ती नसत.

आजीची गोष्ट

हे सगळं जुळवून झाल्यावर मी बाईंच्या घरी गेलो. सॅव्हेजचं चित्र आणि फोटो शेजारी ठेवून दाखवलं. त्यांना आनंद झाला. “म्हणजे आबा थापा मारत नव्हते!” म्हणाल्या. मग मी हाडाची आणि गोळीच्या वजनाची गोष्ट सांगितली. त्या जरा गप्प झाल्या.

“आबांची गोष्ट गोळीपाशी संपायची,” त्या म्हणाल्या. “आजीची तिथून सुरू व्हायची. आजी त्या वेळी त्यांच्याबरोबर मुक्कामाच्या गावात होती. आबा संध्याकाळी परत आले ते घामाघूम. वाघ नाल्यात गेला, एवढंच बोलले. गावात कुणी रात्रभर झोपलं नाही. गुरं घरात घेतली, ढोल वाजवत बसले. सकाळी माग काढणाऱ्यांना वाघ सापडला, मेलेला. आजी म्हणायची, मी त्या रात्री नवस बोलले, वाघ मरू दे म्हणून नाही, कुणाचं माणूस जाऊ नये म्हणून.”

ही दुसरी गोष्ट त्या बैठकीत सांगणार नव्हत्या. मर्दुमकीच्या गोष्टीपुढे ती घरगुती वाटायची. पण मला विचाराल तर रायफलीबद्दल खरी माहिती आजीच्याच गोष्टीत आहे. वाघ जागीच पडला नाही, नाल्यात गेला, रात्रभराने मेला. लहान, वेगवान गोळी मोठ्या जनावराला लागली की नेमकं काय होतं, त्याचं यापेक्षा चोख वर्णन मी वाचलेलं नाही. आणि म्हणूनच मला आबांची गोष्टही खरी वाटते. थाप मारणाऱ्या घरात आजीची आवृत्ती शिल्लक राहत नाही.

फोटो पुरावा देतो तो रायफलीचा, वाघाचा नाही. तेवढी मर्यादा मी बाईंनाही सांगितली. त्यांना ती पटली.

वाचकांसाठी

१९७२ च्या वन्यजीव कायद्याने आपल्याकडे शिकारीचा हा अध्याय मिटला, आणि ते बरंच झालं. .२२ रिमफायर उरली ती नेमबाजीच्या मैदानावर. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये जगज्जेत्या झाल्या त्या याच चिमुकल्या काडतुसावर. तरफेची .२२ अमेरिकेत अजून बनते आणि मुलांना पहिली रायफल म्हणून दिली जाते. तिचं मूळचं काम तेच होतं.

आपल्या घरांत शिकारीचे फोटो अजून खूप आहेत. ते काढाल तेव्हा तीन गोष्टी पाहा : कडी, खालची नळी, घोडा. मागे काही लिहिलं असेल तर संवत की सन ते तपासा, कारण आपल्याकडे दोन्ही चालायचे. बोअर सांगताना घरातल्यांनी जो शब्द वापरला तोच लिहून ठेवा, ‘सुधारू’ नका. मी ‘बावीस’ सुधारायला निघालो होतो. तसं केलं असतं, तर फोटोतला सगळ्यात महत्त्वाचा पुरावा मीच पुसला असता.

आणि आजोबांची गोष्ट लिहून झाली की आजीची विचारा.